जोगणीच्या खडपेवरचं जांभळं

१

दिव्याच्या अवसेला पहाटे माझा थोरला मुलगा जयराम घरातून गेला तो परत आला नाही. अकरा दिवस झाले. आठव्या दिवशीच तोंडवली गावानं निकाल लावून टाकला, की तो आरोंद्याची खाडी ओलांडून गोव्यात पळाला आणि तिथे त्यानं दुसरं घर केलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकवलं असतं.

मी नर्मदा. आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून साठ माणसांनी ओढायचं जाळं, गावातली सगळ्यात जुनी. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. नारळी पुनवेला मानाचा नारळ पाण्यात पडल्याशिवाय एकही होडी पाण्यात जात नाही, आणि तो नारळ आमच्या घरचा. मी त्याला लाल दोऱ्यानं सात गाठी मारून देवघरात ठेवायचा, थोरल्यानं वाजतगाजत न्यायचा. पाच वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या दिरानं नारळाआधी होडी घातली. तेव्हा मी देवळासमोर उभी राहून म्हटलं होतं, आमच्या घरातला जो कुणी असं करील तो मला मेला, त्याच्या नावानं मी आंघोळ करीन. आणि केली. दीर अजून माझ्या दारावरून मान खाली घालून जातो. मला त्याचा अभिमान होता.

जयराम जाताना बायकोला, सरलेला, एवढंच म्हणाला होता की आरोंद्याला जातो, जाळ्याचं काम आहे. माझा धाकटा, भाई, त्याच दिवशी कुडाळला डांबर आणायला गेला होता. संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. दुकान बंद होतं म्हणे. पावसात भिजला, सर्दीनं कान धरला, म्हणून डाव्या कानात तेलाचा कापूस घालून बसला. त्याच संध्याकाळी दिवे लावायला देवघरात गेले, तर मानाचा नारळ जागेवर नाही. मी सरलेला फैलावर घेतलं.

"मी बाहेरची होतंय गो आये," ती रडत म्हणाली. "चार दिस देवघरात पाय घालूक नाय."

मग मी उंदरांवर घातलं आणि दुसरा नारळ बांधला. उंदीर अख्खा नारळ नेत नाहीत हे मला कळत नव्हतं असं नाही.

तेव्हापासून सरला रोज सकाळी कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यासमोर उभी राहायची.

"आये, लावू मा?"

"लाव. घो मेलो नाय तुझो."

असं मी अकरा सकाळी म्हटलं. अकरावी सकाळ पंधरा ऑगस्टची. शाळेत प्रदर्शन होतं. मानाच्या घरानं गेलं पाहिजे, म्हणून गेले. लोकांनी वाट करून दिली आणि पाठीमागे कुजबुजले.

अप्पा मास्तरांनी काचेची टाकी केली होती. आत समुद्राचं पाणी, चार मासे, एक खेकडा आणि मधोमध दोन दगड. ते दगड जांभळे. नुसते डाग नव्हेत, पिकल्या जांभळाच्या रंगाचे गड्डेच्या गड्डे. रत्नागिरीहून तपासणीला आलेल्या सुनीतीबाई चष्मा काचेला लावून उभ्या होत्या.

"मास्तर, रंग दिलाय का हो?"

"नाही बाई, शपथेवर नाही. काय आहे ते मीच शोधतोय. बुरशी असावी, किंवा दगडातलंच काही धातूचं."

कुणी म्हणालं नीळ. कुणी म्हणालं दगडाला रोग झालाय. मी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला.

"काकी, हात काढा! मासे मरतील!"

मासे मेले नाहीत. बोटांना ते दगडासारखंच कठीण लागलं, वर चुन्यासारखं खरखरीत. मी हात बाहेर काढून पदराला पुसला.

"बुरशी नाय, रंग नाय," मी म्हटलं. "ह्या जिता आसा."

आणखी एक गोष्ट मला कळली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. हे दगड माझ्या जयरामनं उचलले होते. आणि ते त्यानं घर सोडल्यावर उचलले होते.

२

कालवं फोडायला मी चाळीस वर्षं खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर, बसले. मोठ्या ओहोटीला दगड उलटला की पोटाला जांभळट साल दिसते. नखानं निघत नाही, कोयतीनं खरवडली तर तिचा चुन्यासारखा भुगा होतो. तो दगड उन्हात उलटा राहिला तर साल फिकटते. पावसात राहिला तर दोन दिवसांत पांढरी पडते. गोडं पाणी तिला विष आहे. पण काठावर ती पातळ असते, कांद्याच्या सालीएवढी. अशी जाड, गड्डे धरलेली मी जन्मात एकदाच पाहिली होती. जयराम चौदा वर्षांचा असताना त्यानं जोगणीच्या खडपेवरून एक तुकडा आणून माझ्या ओटीत टाकला होता. "आये, तुका जांभळा फूल."

जोगणीची खडप पाण्याखाली तीन पुरुष खोल आहे. मोठ्या अवसेला सुकती, म्हणजे पुरती ओहोटी, लागली तरच तिच्यापर्यंत श्वास पुरतो. तिथे बुडी मारणारा गावात जयराम एकटाच. दुसरा कुणी गेला तर कान फुटतात. आणि टाकीतल्या दगडांचा रंग ताजा होता, म्हणजे अवस तीच, तो गेला त्या पहाटेची.

गर्दी ओसरल्यावर मी मास्तरांना गाठलं.

"दगड कधीचे?"

"वैशाखातले, काकी. जयरामनंच आणून दिले होते. शाळेमागे पडले होते, आता टाकीत घातले."

"शाळेमागे? उघड्यावर?"

"हो. का?"

"आणि एवढा पाऊस झाला तो?"

मास्तर हसले. "काकी, दगडाला पावसाचं काय?"

"मला काय कळतंय! मी दुसरीत शाळा सोडली. एक तुकडा द्या बघू, मीपण घरी नेऊन अभ्यास करते."

तुकडा काढून देताना त्यांच्या हातातली पकड दोनदा निसटली. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायची सवय नसते. असती तर त्यांनी दगड समुद्राच्या पाण्यात ठेवले होते असं तरी सांगितलं नसतं का!

घरी येऊन मी तुकड्याचे दोन केले. एक समुद्राच्या पाण्यात घालून कळशी माजघरात ठेवली. दुसरा पागोळीखालच्या दोणीत टाकला, जिथे पावसाचं पाणी धो धो पडत होतं. भाई पेज प्यायला आला होता.

"आये, ह्या काय?"

"मास्तरान दिल्यान. जोगणीचा आसा."

तो बघत राहिला. मी दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेलं नाही. मग पेज तशीच टाकून उठला. ते मी पाहिलं आणि बाजूला ठेवलं. माणूस आपल्या घराकडे सगळ्यांत शेवटी बघतो.

त्या दिवशी मला भूक लागली. अकरा दिवसांनी. जयराम गोव्यात गेलाच नसेल तर तो इथेच कुठेतरी असेल, कुणीतरी त्याला लपवला असेल, असं वाटून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटते आता.

पण समुद्रावर त्याला नेलं कुणी? दिराची गत पाहिल्यावर नारळाआधी होडी घालायला आमच्यातला कुणी धजला नसता. ज्याला आमचा नारळ लागू नाही असा वाडीत एकच होता.

३

रविवारी रोझारियो चर्चमधून येईपर्यंत मी त्याच्या ओसरीवर बसून राहिले. तो आणि जयराम एका वयाचे, एका पाण्यात पोहायला शिकलेले. त्याची बहीण एस्पेरांसा आरोंद्याला दिलेली. म्हणून तर गाव म्हणत होतं, की वाट रोझारियोनंच दाखवली.

"काकी? तू आणि माझ्या दारात?"

"तुझी होडी खंय आसा रे?"

"मागे. कित्याक?"

"नारळाआधी पाण्यात घातलंस मा? सांग, माझो झील, जयराम, खंय नेलंस?"

त्यानं टोपी काढली आणि इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की मला डोळे खाली घालावे लागले असते, तशी सवय असती तर.

"माझ्या बापाशीन नारळाआधी होडी घालूक नाय," तो म्हणाला. "आजयान घालूक नाय. दर्यो काय फक्त तुमच्याच देवाचो? आणि जयरामाक मी नेलंय असतो, तर तेका घेवनच इलंय असतो. चल, बघ."

घरामागे त्याची होडी पालथी घातलेली होती. तिच्यावर दोडकीची वेल चढलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक फळीला तिनं विळखे घातले होते. तीन दोडकी बाजूला लोंबत होती आणि काठाखाली गवत गुडघाभर.

"एस्पेरांसा मिरगाक इल्ली, तेव्हा तिणा बी घातल्यान," रोझारियो म्हणाला. "ही होडी हलली असती तर वेल तुटली असती. आणि ऐक, तिचो निरोप काल इलो. जयराम आरोंद्याक पोचलोच नाय."

मी त्या वेलीला हात लावला. एक ताणा तुटला नव्हता. मला तिचा राग आला.

मी वळले तेव्हा तो म्हणाला, "थांब काकी. एक वस्तू आसा. अवसेच्या दुसऱ्या दिसाक दर्याच्या काठार, रेवेत गावली. तुमच्या देवाची म्हणान खाल्लंय नाय, आणि टाकूकपण धीर होईना. म्हटला पुनवेक इचारूया."

त्यानं आतून एक नारळ आणला. मिठानं पांढरा पडलेला, लाल दोरा गुंडाळलेला. मी गाठी मोजल्या. सात. सातवी दुहेरी, जशी माझी सासू मारायची आणि जशी तिनं मला एकटीला शिकवली.

उंदीर नारळ समुद्रात टाकत नाहीत.

४

सोमवारी सकाळी दोणीतला तुकडा पांढरा झाला होता. वाळलेल्या हाडासारखा. कळशीतला तसाच जांभळा. मी दोन्ही पदरात बांधले आणि शाळेत जाऊन मास्तरांच्या टेबलावर, त्यांच्या हजेरीच्या वहीवर ठेवले.

"हा पावसात होता दोन दिवस. तुमचे वैशाखापासून होते म्हणता. बोला मास्तर."

मास्तरांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. मग पुस्तक उघडून हळूच म्हणाले, "शेवाळ आहे हे काकी. चुना धरणारं शेवाळ. तुम्ही परवाच सांगितलंत, जिवंत आहे म्हणून."

"पुस्तक मिटा."

त्यांनी मिटलं.

"आषाढात मी जयरामला म्हटलं, की सुनीतीबाई यायच्या आहेत. टाकीत काहीतरी अपूर्व ठेवलं तर त्या तुझं नाव वर पाठवतील, मालवणच्या सरकारी कचेरीत पाणबुड्याची जागा निघतेय. तो म्हणाला, नारळ पडल्याशिवाय नाही, आई काय म्हणेल. मी विषय सोडला. मग अवसेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, शाळेच्या पायरीवर ओल्या गोणपाटात हे दोन दगड. ते मी लगेच समुद्राच्या पाण्यात, टाकीत घातले. मला वाटलं, त्यानंच ठेवले आणि तुमच्या भीतीनं काही बोलला नाही. पुढे तो गेल्याचं कळलं. मग मी वैशाख म्हणालो. नारळाआधी माणूस पाण्यात घातला म्हणून गावानं मला राहू दिलं नसतं. काकी, मी फक्त दगड मागितले होते."

"तुम्ही मागितलेत, तुम्हाला मिळाले. तुमचं खोटं एका शब्दाचं."

बाहेर आले तर पाय घराकडे वळेनात. वाटेवर एका दगडी गडग्यावर बसून मी एकेक गोष्ट हाताळली. दगड मंगळवारच्या सुकतीला निघाले. बुडी मारणारा जयराम. पण बुडी मारणाऱ्याला वर होडी धरायला दुसरा लागतो, आणि तो रोझारियो नव्हे. नारळ माझ्या देवघरातून गेला. देवघरात शिरणारी माणसं चार. मी नेला नाही. सरला बाहेरची होती. उरले दोघे भाऊ. एक आरोंद्याला पोचला नाही. दुसरा कुडाळहून रिकामा आला, आणि त्याच दिवसापासून त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

सर्दीनं कान धरतो. सर्दीनं उशीवर रक्ताचा डाग पडत नाही. तो डाग मीच धुतला होता.

५

भाई मांगरात, आमच्या अवजारांच्या खोपीत, होता. आमची होडी तिथे झावळ्यांखाली असते. तो दोर गुंडाळत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि नारळ त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्यानं दोर खाली ठेवला.

"सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"कानातलो कापूस काढ, आणि कोण बुडालो ता सांग."

तिशीचा बाप्या, पण गुडघ्यात डोकं घालून बसला तो मला सहा वर्षांचा दिसला.

"नारळ तेणाच घेतल्यान, आये. म्हणालो, दर्याक आधी नारळ देवया, मगे आयेचो नेम मोडना नाय. पुनवेक देतत तोच नारळ, अवसेक दिलो म्हणान काय झाला. खडपेवर जावन तेणा हात जोडल्यान आणि सोडल्यान. दर्यो बरो होतो. दोन बुडयो मारल्यान, दोन दगड वर दिल्यान. मी म्हटलंय, पुरे. तो म्हणालो, हे मास्तराक झाले, आता एक आयेक."

मी नारळ उचलून पदरात घेतला.

"तिसऱ्या बुडयेक वर इलोच नाय. मी उडी मारलंय. दोन खेपा. दुसऱ्या खेपेक कानात काय तरी फाटला आणि सगळा गरगराक लागला. होडयेक धरून भरती लागीसर थांबलंय, आये. आठ हाका मारलंय. मगे लाटा फुटूक लागल्यो."

"दगड शाळेत कित्याक ठेवलंस?"

"नाय ठेवलंय असते तर मास्तर घराक येतो, जयराम खंय म्हणान."

"आणि माका? माका कित्याक सांगूक नाय?"

तेव्हा त्यानं मान वर केली. माझ्या या मुलानं उभ्या जन्मात माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"तुका? तू काकाच्या नावान आंघोळ केलंस, काका जितो असताना. जयराम मेलो म्हणान सांगलंय असता, तर तू रडतलंस काय देवळासमोर उभी रवतलंस, ता माका कळना नाय झाला. तेका तुझ्या रापणीतसून सुटूचा होता, म्हणान तो थय गेलो. ता तुका सांगू? गोव्यात तरी तो जितो होतो. तुका आणि वयनीक जितो होतो. तू कित्याक शोधलंस गो?"

गावात मला उलट उत्तर देणारा अजून जन्मायचा आहे असं मी म्हणत असे. जन्मला होता, मीच घातला होता जन्माला.

तो डोळे पुसत म्हणाला, "उद्या पुनव. नवो नारळ मी नेतंय. कोणाक कळना नाय, आये. वयनीचा कुंकू तरी रवतला."

६

तो खरंच बोलत होता. कुणाला कळलं नसतं. समुद्रानं तेरा दिवसांत काही परत दिलं नव्हतं, आता देणार नव्हता. रोझारियोच्या तोंडून शब्द निघाला नसता, मास्तरांच्या तर नाहीच. मी गप्प बसले असते तर नारळ आमच्या घरात राहिला असता, आणि सरला म्हातारी होईपर्यंत दारात उभी राहून आरोंद्याच्या वाटेकडे बघत राहिली असती. विहिरीवर बायका तिला ऐकवत राहिल्या असत्या, की तुला टाकून गेला. माझा जयराम बायको टाकणारा नव्हता.

रात्र कशी गेली ते सांगत नाही.

सकाळी सरला आली. न्हालेली, हातात करंडा.

"आये, लावू मा?"

मी तिच्या हातातून करंडा काढून घेतला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या भाईकडे, मग त्याच्या कानाकडे, आणि उंबऱ्यावरच बसली. "थंड होता रे पाणी?" एवढंच तिनं त्याला विचारलं. भाई बाहेर गेला.

तिच्या बांगड्या मी काढल्या. फोडल्या नाहीत, साबण लावून एकेक काढल्या. मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागर घेतली. दिराच्या नावानं घेतली होती तेव्हा गावाला दिसेल अशी घेतली होती. या वेळी विहिरीवर कुणी नव्हतं. पाणी तेवढंच होतं, पण अंगावरून निथळेना.

ढोल आले. सगळी वाडी अंगणात जमली, पोरं, बाया, नवे सदरे घातलेले रापणकर. पाठीमागे गडग्यापाशी रोझारियो टोपी हातात धरून, आणि त्याच्याही पाठी, नेहमीसारखा लांब, माझा दीर. मी ओले केस तसेच सोडून दारात आले. ढोल आपसूक थांबले.

"काकी, नारळ?" कुणीतरी म्हणालं.

"आमका सुतक आसा."

"कोणाचा?"

"माझ्या झिलाचा. जयरामाचा." मी चौकट धरली. "गोव्यात गेलो नाय तो. नारळाआधी जोगणीवर गेलो आणि थयच रवलो. भाई तेच्यावांगडा होतो, तेणा दोनदा उडी मारल्यान, कान फोडून घेतल्यान. तेच्याकडे कोणी बोट दाखवूचा नाय. बोट दाखवूचा असात तर माझ्याकडे दाखवा."

कुणी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पुनवेची भरती खडपांवर आपटत होती, तिचा आवाज अंगणापर्यंत येत होता. लोक एकमेकांकडे बघत होते. सुतकाच्या घरचा नारळ चालत नाही, आणि नारळाशिवाय समुद्र उघडत नाही. आमच्या घराण्यात हे सुतक न लागणारा एकच होता, ज्याच्या नावानं मी आधीच आंघोळ केली होती.

"नारळ माझ्या दिराकडसून न्या," मी म्हटलं. "तो जितो आसा."